पॅकेट नक्की कुठे हरवलं?

पोस्टडॉकच्या पहिल्या वर्षी मी आमच्या लॅबच्या नेटवर्कवर दोन दिवस पाळत ठेवली आणि मीटिंगमध्ये सांगून टाकलं, की नेटवर्क पॅकेटं गाळतंय. नेटवर्क ठणठणीत होतं. गळती माझ्याच मोजणीत होती. तुमच्यावर अशी वेळ येऊ नये म्हणून हा लेख.

ट्रॅफिक टिपताना पॅकेट मुख्यतः तीन ठिकाणी हरवतं आणि प्रत्येक ठिकाणचा हिशेब वेगळीकडे असतो.

आपल्या जवळच्या टोकापासून सुरू करू. टीसीपीडम्प थांबवलंत की ते काही आकडे दाखवतं. त्यातला 'ड्रॉप्ड बाय कर्नल' शून्य नसेल, तर पॅकेटं मशीनपर्यंत आली होती, पण प्रोग्रॅमने ती वेळेत उचलली नाहीत. अशा वेळी पत्त्यांची नावं शोधणं बंद करा (मायनस एन). स्क्रीनवर न छापता थेट फाइलमध्ये लिहा. अख्खं पॅकेट नको असेल तर सुरुवातीचे बाइटच घ्या. मग बफर वाढवा.

दुसरं ठिकाण नेटवर्क कार्ड. १० गिगाबिटची लाइन सगळ्यात लहान पॅकेटांनी भरली, तर सेकंदाला सुमारे १.४९ कोटी पॅकेटं येतात, म्हणजे एकाला जेमतेम ६७ नॅनोसेकंद. कार्डाची रिंग भरली की पुढचं पॅकेट दारातूनच परत. हे आकडे ईथटूल दाखवतं, रिंगही त्यानेच वाढवता येते.

तिसरं ठिकाण फसवं: स्विचचा मिरर पोर्ट. १ गिगाबिटच्या लिंकवर दोन्ही दिशांना मिळून २ गिगाबिट वाहू शकतात. ते १ गिगाबिटच्या पोर्टात कसे मावणार? उरलेलं स्विच टाकून देतो, आणि तुमच्या मशीनचे सगळे आकडे मात्र शून्य! इथे स्विचवरच त्या पोर्टचा ड्रॉप काउंटर बघायला हवा.

मग नेटवर्क खरंच दोषी आहे का, हे कसं ठरवायचं? टीसीपीत पलीकडचं मशीन मिळालेल्या डेटाची पोच देतं. पोच आहे, पण तो डेटा तुमच्या फाइलमध्ये नाही, तर तो पोचला होता. तुम्हालाच दिसला नाही. वायरशार्क अशा जागी 'ॲक्ड अनसीन सेगमेंट' असा शेरा मारतं.

माझ्या फाइलमध्ये असे शेकडो शेरे होते. मी ते वाचलेच नव्हते. तुम्ही कुणावर ठपका ठेवण्याआधी वाचा.