माशीने झाड बदललं, तेव्हा

एका जातीच्या दोन जाती व्हायला मध्ये डोंगर किंवा समुद्र यावाच लागतो का, असं एका वाचकाने विचारलं आहे. उत्तर अमेरिकेतल्या सफरचंदाच्या बागांत आहे.

तिथली 'ऱ्हॅगोलेटिस पोमोनेला' ही फळमाशी मूळची हॉथॉर्नच्या छोट्या लाल फळांवरची. सफरचंद तिथे नेलं युरोपीय वसाहतकारांनी, सतराव्या शतकात. पण या माशीच्या अळ्या सफरचंदात सापडू लागल्या त्या थेट १८६०च्या सुमारास, हडसनच्या खोऱ्यात. नव्या झाडावर गेलेली माशी जुनीपासून वेगळी होत जाईल, हे ओळखलं बेंजामिन वॉल्शने.

काय माणूस होता! केंब्रिजमध्ये शिकताना त्याने डार्विनच्या खोलीवर जाऊन त्याचे भुंगेरे पाहिले होते. मग इलिनॉयमध्ये शेती, लाकडाचा धंदा, आणि पन्नाशीच्या सुमारास कीटकांचा ध्यास. १८६४ मध्ये त्याने डार्विनला पत्र लिहून ती जुनी भेट आठवून दिली; खाद्यवनस्पतीनुसार कीटक कसे वेगळे होतात यावरचा त्याचा निबंधही त्याच वर्षीचा. १८६९ मध्ये रेल्वे अपघातात तो गेला. पुढे अर्न्स्ट मायरसारख्या दिग्गजाने भौगोलिक अडसर जवळजवळ अनिवार्य ठरवला आणि वॉल्शचं म्हणणं बाजूला पडलं. ते पुन्हा उचललं १९६०च्या दशकात गाय बुश यांनी.

या माशा जोडीदार शोधतात तो फळावरच. म्हणजे फळाची निवड हीच जोडीदाराची निवड! (आपल्याकडची आंब्यातली फळमाशी याच कुळातली, पण तिला पेरूही चालतो.) त्यातून सफरचंद पिकतं हॉथॉर्नच्या तीनेक आठवडे आधी, आणि माशीचं आयुष्य जेमतेम महिन्याचं. वेळा चुकतात, भेटी कमी होतात. शिवाय प्रत्येकीला आपल्याच फळाचा वास ओढतो. १९८८ मध्ये जेफ्री फेडर आणि सहकाऱ्यांनी दोघींतले जनुकीय फरकही दाखवले.

'दीडशे वर्षांत नवी जात' हा मथळा मात्र मला पटत नाही. दर पिढीत चार ते सहा टक्के सरमिसळ अजून होते. आणि फळाची वेळ साधणारं जनुकीय वैविध्य फार जुनं आहे. त्यातलं बरंचसं मेक्सिकोच्या पठारावरच्या माशांकडून आलेलं, हे फेडर यांच्याच गटाने २००३ मध्ये दाखवलं.

याहून थक्क करणारी गोष्ट २००९ मध्ये अँड्र्यू फोर्ब्स आणि फेडर यांनी मांडली. या माशीच्या अळ्यांवर जगणारी एक गांधीलमाशी आहे. माशी फुटली, तशी तीही फळागणिक फुटू लागली आहे.