लोकलमधलं वाचन : किंडलची आवराआवर

बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरहून रोज लोकल पकडणाऱ्या वाचकाचा एक हात कडीला असतो; दुसऱ्या हातात हवं ते पुस्तक चटकन उघडायला हवं. त्यासाठी :

● आधीपासून असलेल्या फाइली : नव्या किंडलमध्ये शब्दकोश आणि वापराची माहितीपुस्तिका असते. त्या फारशी जागा खात नाहीत. शब्दकोश राहू द्या. शब्दावर बोट दाबून धरलं की अर्थ दिसतो.

● काढणं म्हणजे गमावणं नव्हे : विकत घेतलेलं पुस्तक यंत्रावरून काढलं, तरी खात्यात राहतं, पुन्हा उतरवता येतं. यूएसबी केबलने टाकलेल्या फाइलची प्रत मात्र संगणकावर हवीच. यंत्र ‘फॅक्टरी रीसेट’ केलं की त्यावरची ती फाइल पुसली जाते.

● ईपब की पीडीएफ? ईपबमध्ये अक्षर मोठं केलं की ओळी नव्याने जुळतात. स्कॅन केलेल्या पीडीएफचं पान सहा इंची पडद्यावर बारीक दिसतं. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधल्या मराठी पीडीएफचं रूपांतर केल्यास अक्षरांची मोडतोड होते.

● नावं नीट द्या : ‘कॅलिबर’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लेखक आणि शीर्षक देवनागरीत दुरुस्त करता येतं. मग किंडलवर ‘कथा’, ‘प्रवास’, ‘वाचून झालेली’ असे संग्रह करा.

● घरीच उतरवा : निघण्यापूर्वी वायफायवर पुस्तक उतरवलं, की गाडीत नेटवर्कची गरज उरत नाही.