प्लूटोवर तुमचं वजन किती, आणि ते कळलं कसं?

प्लूटोवर वजनकाटा नेला तर काय दिसेल? इथे ६० किलो दाखवणारा काटा तिथे पावणेचार किलोच्या आसपास थांबेल. तुमचं वस्तुमान ६० किलोच राहतं. बदलतं ते गुरुत्वत्वरण. पृथ्वीवर ते ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, प्लूटोवर ०.६२, म्हणजे साधारण सोळावा हिस्सा. इथे ४० सेंटिमीटर उडी मारणारा माणूस तिथे तेवढ्याच जोरात सहा मीटरच्या वर जाईल आणि परत जमिनीवर टेकायला त्याला एकूण नऊ सेकंद लागतील. (स्पेससूटचं ओझं सध्या विसरू या.)

इतपत माहिती कुठल्याही तक्त्यात मिळते. पण तुम्ही संशोधनाची तयारी करताय, तर पुढचं विचारा: हा ०.६२ आला कुठून? काटा घेऊन तिथे कुणीच गेलेलं नाही.

यासाठी दोन आकडे लागतात, वस्तुमान आणि त्रिज्या. १९३० मध्ये क्लाइड टॉम्बॉने प्लूटो शोधला तेव्हा यातला एकही माहीत नव्हता. दुर्बिणीत नुसता ठिपका दिसायचा. युरेनस-नेपच्यूनच्या कक्षांमधली गडबड प्लूटोमुळेच होते असं धरून चालल्यामुळे सुरुवातीला त्याचं वस्तुमान जवळजवळ पृथ्वीइतकं मानलं गेलं. १९७६ मध्ये तिथे मिथेनचा बर्फ सापडला. बर्फ उजळ असतो, तरी प्लूटो इतका अंधुक दिसतो, म्हणजे तो लहानच असणार. अंदाज एकदम पृथ्वीच्या टक्काभरावर घसरला.

खरा निकाल लागला १९७८ मध्ये. अमेरिकेच्या नौदल वेधशाळेतल्या जेम्स क्रिस्टीला प्लूटोच्या फोटोंमध्ये एका बाजूला फुगवटा दिसला. दर ६.३९ दिवसांनी तो त्याच जागी परत यायचा. तो होता चंद्र, कॅरन. आणि चंद्र मिळाला की वस्तुमान मिळतं: अंतराचा घन, भागिले कालावधीचा वर्ग, गुणिले चार पाय वर्ग, भागिले गुरुत्वस्थिरांक. अंतर १९,६०० किलोमीटर घालून स्वतः करून बघा. उत्तर १.४६ गुणिले १०चा २२वा घात किलो येईल, पृथ्वीच्या पाव टक्क्याहूनही थोडं कमी.

इथेच मी पहिल्या वर्षी आपटलो होतो. हेच वस्तुमान घेऊन मी त्वरण काढलं, ०.६९ आलं, आणि मोठ्या आनंदात गाईडना दाखवलं. त्यांनी एवढंच विचारलं, "हे वस्तुमान कुणाचं?" केप्लरचा नियम दोघांच्या वस्तुमानाची बेरीज देतो. पृथ्वी-सूर्य जोडीत पृथ्वी इतकी किरकोळ की फरक पडत नाही, म्हणून आपल्याला सवयच लागलेली असते. कॅरन मात्र प्लूटोच्या १२ टक्के आहे. दोघं ज्या सामाईक केंद्राभोवती फिरतात ते केंद्र प्लूटोच्या पृष्ठभागाच्या बाहेर, मोकळ्या अवकाशात पडतं. त्या केंद्राभोवती प्लूटो स्वतः किती डुलतो हे मोजलं की बेरजेची वाटणी करता येते. मग प्लूटोच्या वाट्याला १.३०चा आकडा येतो आणि त्वरण ०.६२.

त्रिज्येची गोष्ट वेगळी. सूत्रात तिचा वर्ग आहे, त्यामुळे त्रिज्येत एक टक्का चूक म्हणजे त्वरणात दोन टक्के. प्लूटो एखाद्या ताऱ्यासमोरून जाताना तारा किती वेळ झाकला जातो यावरून त्रिज्या काढत, पण प्लूटोचं विरळ वातावरण प्रकाश वाकवतं आणि कडा नेमकी कळत नाही. २०१५ मध्ये न्यू होरायझन्स यान जवळून गेलं तेव्हा कुठे ११८८ किलोमीटरवर शिक्कामोर्तब झालं.

गंमत म्हणजे त्याहून कितीतरी दूरच्या एरिसची त्रिज्या कुठलंही यान न जाता आधीच नीट कळली होती. नोव्हेंबर २०१० मध्ये एरिसने एक तारा झाकला, चिलीतल्या दोन ठिकाणांहून ते टिपलं गेलं आणि त्रिज्या ११६३ किलोमीटर आली. मध्ये लुडबुड करणारं वातावरण तिथे जाणवलं नाही. एरिस प्लूटोपेक्षा किंचित लहान, तरी वस्तुमान २७ टक्के जास्त. तेही डिस्नोमिया नावाच्या चंद्रामुळेच कळलं. डिस्नोमियाची कक्षा शोधा, गणित मांडा. तुमच्या ६० किलोचे तिथे पाच किलोच्या जवळपास व्हायला हवेत.