ॲक्टिव्ह डिरेक्टरीतील संगणक-नोंदींचे रिक्त तपशील

ॲक्टिव्ह डिरेक्टरी या मायक्रोसॉफ्टच्या निर्देशिका सेवेत संस्थेच्या जाळ्यात सामील झालेल्या प्रत्येक संगणकाची स्वतंत्र नोंद असते. या नोंदीतील ऑपरेटिंग सिस्टिमचे नाव, तिची आवृत्ती, वर्णन, ठिकाण, शेवटच्या वापराचा दिनांक इत्यादी रकाने काही वेळा रिकामे आढळतात. त्यामागे तीन निरनिराळ्या परिस्थिती संभवतात : तपशील कधी लिहिलाच गेला नाही, लिहिला गेला, पण जो सर्व्हर पाहिला जात आहे तिथवर पोहोचला नाही, किंवा पोहोचला असूनही पाहणाऱ्यास दिसत नाही. तिन्ही प्रसंगी पडद्यावरचे चित्र सारखेच असते, उपाय मात्र भिन्न असतात. म्हणून रकाना भरण्याआधी तो कोणत्या कारणाने रिकामा आहे हे ठरवणे आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी

जाळ्यातील वापरकर्ते, संगणक, मुद्रक इत्यादींची माहिती एका ठिकाणी सुसूत्रपणे ठेवणाऱ्या व्यवस्थेस निर्देशिका सेवा म्हणतात. या क्षेत्रातील एक्स.५०० हे मानक १९८८ साली प्रसिद्ध झाले. त्याचा सुटसुटीत अवतार म्हणता येईल असा एलडॅप हा संकेत १९९३ साली पुढे आला. त्याच्या जडणघडणीत अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचा मोठा वाटा होता. मायक्रोसॉफ्टने २००० साली विंडोज २००० सर्व्हरसोबत आणलेली ॲक्टिव्ह डिरेक्टरी एलडॅपचा आधार घेते. ओळख पटवण्यासाठी ती कर्बेरॉस व नावे शोधण्यासाठी डीएनएस वापरते.

एका व्यवस्थापनाखालील खात्यांच्या समूहास डोमेन, तर निर्देशिकेची प्रत सांभाळणाऱ्या सर्व्हरला डोमेन कंट्रोलर म्हणतात. मोठ्या संस्थेत असे अनेक कंट्रोलर असतात आणि ते एकमेकांना बदल कळवत राहतात. या देवाणघेवाणीस प्रतिकृतीकरण असे म्हणतात.

कोणता तपशील कोण लिहितो

संगणकाच्या नोंदीतील सर्व रकाने एकाच हाताने भरले जात नाहीत. ऑपरेटिंग सिस्टिमचे नाव, आवृत्ती आणि संगणकाचे डीएनएस-नाव ही माहिती स्वतः संगणकच पुरवतो. डोमेनमध्ये सामील झालेला विंडोज संगणक सुरू होताना त्याची नेटलॉगऑन सेवा डोमेन कंट्रोलरशी सुरक्षित संपर्क जोडते आणि त्या वेळी ही माहिती कळवली जाते. वर्णन, ठिकाण व जबाबदार व्यक्ती हे रकाने मात्र प्रशासकाने भरायचे असतात. नोंद निर्माण झाल्याचा दिनांक, संकेतशब्द बदलल्याची वेळ व शेवटच्या प्रवेशाची वेळ या गोष्टी कंट्रोलर आपणहून लिहितो.

काही तपशील संगणकाच्या नोंदीत मुळातच नसतात. आयपी पत्ता हे त्याचे ठळक उदाहरण होय. काही साधने नोंदीशेजारी आयपी पत्ता दाखवतात, परंतु तो त्या क्षणी डीएनएसला विचारून आणलेला असतो. तो दिसत नसेल तर शोध डीएनएसमध्ये घ्यावा लागतो. तसेच संगणकावर स्थानिक पातळीवर लिहिलेले वर्णन आणि निर्देशिकेतील वर्णनाचा रकाना या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. एकात लिहिलेले दुसऱ्यात आपोआप उतरत नाही.

कारणे

न लिहिलेला तपशील

अनेक संस्थांत नवीन संगणक येण्यापूर्वीच त्याची नोंद करून ठेवली जाते. शाळेच्या जनरल रजिस्टरात नाव दाखल व्हावे, पण विद्यार्थी वर्गात कधी येऊच नये, तशी ही स्थिती असते : नोंद आहे, मात्र संगणक डोमेनमध्ये सामील न झाल्यामुळे स्वतःची माहिती कळवण्याचा प्रसंगच आलेला नसतो.

लिनक्ससारख्या प्रणालींवरील संगणक व काही साठवण-उपकरणेही डोमेनमध्ये सामील होऊ शकतात. सांबा किंवा ॲडक्लाय या साधनांत सामील होतानाच ऑपरेटिंग सिस्टिमचे नाव देण्याची सोय आहे. ते न दिल्यास रकाना रिकामा किंवा अपुरा राहू शकतो.

सुरक्षित संपर्क तुटल्यासही माहिती अद्ययावत होत नाही. संगणकाच्या खात्याला स्वतःचा संकेतशब्द असतो व विंडोज संगणक तो साधारणपणे दर ३० दिवसांनी बदलतो. संगणक जुन्या प्रतीवरून पूर्वस्थितीत आणल्यास, किंवा एकच नाव दोन संगणकांना दिल्यास, संगणकाजवळचा व निर्देशिकेतील संकेतशब्द जुळेनासे होतात. अशा वेळी रकाने बहुधा रिकामे नसतात, शिळे असतात, उदा. प्रणाली बदलूनही जुन्याच आवृत्तीचे नाव दिसत राहते.

पुसलेली नोंद परत आणली असल्यासही तपशील गळालेले आढळतात. विंडोज सर्व्हर २००८ आर२ पासून उपलब्ध असलेली रिसायकल बिन सुविधा सुरू नसेल, तर नोंद पुसताना तिचे बहुतेक गुणधर्म काढून टाकले जातात व नोंद पुनरुज्जीवित केली तरी ते परत येत नाहीत.

न पोहोचलेला तपशील

एका कंट्रोलरवर झालेला बदल दुसऱ्यावर पोहोचण्यास वेळ लागतो. एकाच स्थळातील कंट्रोलरांमध्ये हा वेळ थोडा असतो. दोन स्थळांमध्ये मात्र मूळ मांडणीनुसार दर १८० मिनिटांनी देवाणघेवाण होते. प्रतिकृतीकरणच अडले असेल, तर दोन कंट्रोलर एकाच संगणकाविषयी वेगवेगळी माहिती देतात.

शेवटच्या प्रवेशाच्या वेळेसंबंधी विशेष काळजी घ्यावी लागते. ‘लास्टलॉगऑन’ हा गुणधर्म एका कंट्रोलरकडून दुसऱ्याकडे जातच नाही. ज्या कंट्रोलरने प्रवेश दिला, त्याच्याकडेच तो असतो. ‘लास्टलॉगऑनटाइमस्टँप’ सर्वत्र पोहोचतो, परंतु प्रत्येक प्रवेशाला बदलत नाही. मूळ मांडणीत तो प्रत्यक्ष वापरापेक्षा ९ ते १४ दिवस मागे असू शकतो.

न दिसणारा तपशील

पॉवरशेलमधील ‘गेट-एडीकॉम्प्युटर’ ही आज्ञा आपणहून मोजकेच गुणधर्म दाखवते. ऑपरेटिंग सिस्टिमचे नाव हवे असल्यास ‘प्रॉपर्टीज’ या पर्यायात ते स्पष्टपणे मागावे लागते. ग्लोबल कॅटलॉगला विचारणा केल्यास तिथे निवडक गुणधर्मच साठवलेले असतात. ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी युजर्स अँड कॉम्प्युटर्स’ या साधनात सर्व गुणधर्म दाखवणारा ‘ॲट्रिब्यूट एडिटर’ हा भाग ‘ॲडव्हान्स्ड फीचर्स’ हा पर्याय निवडल्याशिवाय दिसत नाही. याच साधनात मूळ मांडणीनुसार एका कप्प्यातील २००० पर्यंतच नोंदी दाखवल्या जातात.

काही गुणधर्म गोपनीय असतात. डिस्क कुलूपबंद करणाऱ्या बिटलॉकरची पुनर्प्राप्ती-किल्ली हे त्याचे उदाहरण. विशेष परवानगी नसलेल्यास ती नसल्यासारखीच भासते. परवानगी नाकारल्याची सूचनाही मिळत नाही.

निदानाचा क्रम

१. व्याप्ती पाहणे : सर्वच नोंदींत तोच रकाना रिकामा असल्यास आज्ञा, साधन किंवा परवानगी यांची तपासणी करावी. एकाच स्थळातील संगणक असल्यास प्रतिकृतीकरण, आणि तुरळक नोंदी असल्यास ते ते संगणक तपासावेत.

२. सर्व गुणधर्म मागून नोंद पुन्हा वाचणे, तसेच अधिक अधिकार असलेल्या खात्यातून तीच नोंद पाहणे.

३. दुसऱ्या कंट्रोलरचे नाव देऊन तीच नोंद वाचणे. फरक आढळल्यास ‘रेपॲडमिन’ या साधनाने प्रतिकृतीकरणाचा अहवाल घेणे.

४. नोंद केव्हा निर्माण झाली व संगणकाने संकेतशब्द केव्हा बदलला, हे ताडून पाहणे. संकेतशब्द बदलल्याची वेळ नोंदीच्या जन्मवेळेपुढे कधीच सरकली नसेल, तर संगणक सामील झाला नसल्याची शक्यता बळावते.

५. प्रत्यक्ष संगणकावर डीएनएस सर्व्हर डोमेनचाच आहे का, आणि घड्याळ जुळते का, हे पाहणे. कर्बेरॉसमध्ये मूळ मांडणीनुसार ५ मिनिटांपेक्षा अधिक तफावत चालत नाही. त्यानंतर ‘टेस्ट-कॉम्प्युटरसिक्युअरचॅनेल’ या आज्ञेने सुरक्षित संपर्क तपासावा, गरज पडल्यास दुरुस्त करावा व संगणक पुन्हा सुरू करावा.

संगणकाने स्वतः कळवायची माहिती प्रशासकाने हाताने भरल्यास रकाना भरतो, पण बिघाड झाकला जातो. नोंद पूर्ण दिसू लागल्यामुळे पुढे त्या संगणकाकडे कोणाचे लक्ष जात नाही.

महत्त्व व धोके

रिकाम्या रकान्याचे परिणाम यादीपुरते मर्यादित राहत नाहीत. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. असे संगणक शोधण्यासाठी अनेक प्रशासक ऑपरेटिंग सिस्टिमच्या रकान्यावरूनच यादी काढतात. ज्याचा रकाना रिकामा, तो संगणक अशा यादीतून निसटतो आणि सुरक्षाविषयक दुरुस्त्यांपासून वंचित राहू शकतो. आवृत्ती वाचतानाही सावधगिरी हवी, कारण विंडोज ११ ची आवृत्तीही १०.० अशीच नोंदली जाते. तिची ओळख २२००० किंवा त्यापुढील बिल्ड क्रमांकावरून पटते.

याउलट, रिकामी नोंद निरुपयोगी समजून पुसण्यातही धोका आहे. ती चालू असलेल्या लिनक्स सर्व्हरची असू शकते. पुसल्यावर त्याच नावाने नवी नोंद केली तरी तिचा सुरक्षा-ओळखक्रमांक वेगळा असतो, त्यामुळे जुन्या परवानग्या तिला लागू होत नाहीत. बिटलॉकरच्या किल्ल्या निर्देशिकेत ठेवण्याची व्यवस्था असल्यास त्या संगणकाच्या नोंदीखालीच साठवल्या जातात व नोंदीबरोबर त्याही पुसल्या जातात. किल्लीची दुसरी प्रत नसेल आणि पुढे डिस्कने ती मागितली, तर त्यावरील माहिती कायमची हातची जाऊ शकते. म्हणून संशयित नोंद प्रथम निष्क्रिय करून काही काळ वाट पाहणे, रिसायकल बिन सुरू असल्याची खात्री करणे आणि त्यानंतरच ती पुसण्याचा निर्णय घेणे हा सुरक्षित मार्ग मानला जातो. निष्क्रिय केलेली नोंद जशीच्या तशी पुन्हा सक्रिय करता येते.