मंदीतही तग धरणारे तंत्रज्ञान

मंदी आली की पहिली कात्री लागते ती नव्या खरेदीला. कारखानदार यंत्रखरेदी पुढे ढकलतो, बँका कर्ज देताना हात आखडता घेतात आणि मध्यमवर्गीय कुटुंब जुन्याच फ्रिजवर आणखी दोन वर्षे काढते. अशा काळात तंत्रज्ञानाची वाढही खुंटत असणार, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहासाची साक्ष मात्र वेगळी आहे.

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि जग महामंदीच्या खाईत लोटले गेले. त्यानंतर अवघ्या सात-आठ महिन्यांनी, १ जून १९३० रोजी, मुंबई आणि पुणे या शहरांना जोडणारी ‘डेक्कन क्वीन’ विजेच्या इंजिनावर कर्जतमार्गे बोरघाट चढून गेली. त्याच दशकाविषयी अलेक्झांडर फील्ड या अमेरिकन अर्थेतिहासकाराने २००३ मध्ये एक लक्षवेधी निष्कर्ष मांडला. अमेरिकेपुरते बोलायचे तर तंत्रज्ञानाच्या प्रगतीच्या दृष्टीने महामंदीचे दशक हेच विसाव्या शतकातील सर्वांत फलदायी दशक होते, असे त्याचे प्रतिपादन आहे.

मग मंदीत नेमके कोणते तंत्रज्ञान वाढते? याचे उत्तर शोधण्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज नाही. रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर हे घाटपायथ्याचे दोन तालुके त्यासाठी पुरेसे आहेत. गेल्या शंभर वर्षांत येथे जे टिकले, त्यातून एक साधे सूत्र हाती लागते. मंदीत फोफावते ते सर्वांत नवे तंत्रज्ञान नव्हे, तर रोजचा खर्च कमी करणारे तंत्रज्ञान.

कोळशाला पर्याय पाण्याचा

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कापड गिरण्या प्रामुख्याने वाफेवर चालत. त्यासाठी लागणारा कोळसा दुरून आणावा लागे. त्याचा भाव आणि वाहतुकीचे भाडे या दोन्ही गोष्टी गिरणीमालकांच्या हाताबाहेरच्या होत्या. जमशेटजी टाटांनी पाहिलेले जलविजेचे स्वप्न त्यांच्या पश्चात, १९१० मध्ये स्थापन झालेल्या टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनीने प्रत्यक्षात आणले. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथे पावसाचे पाणी अडवण्यात आले. ते नळांवाटे सुमारे पाचशे मीटर खाली, खालापूर तालुक्यातील खोपोलीला आणण्यात आले आणि १९१५ मध्ये तेथील वीजघर सुरू झाले. त्यापाठोपाठ १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे वीजघर उभे राहिले. त्याला ठोकरवाडी धरणाचे पाणी मिळते.

या तंत्रज्ञानाचे अर्थशास्त्र समजून घेण्याजोगे आहे. धरण, बोगदे, नळ आणि वाहिन्या यांवर आरंभी प्रचंड भांडवल ओतावे लागते. पण एकदा उभारणी झाली की इंधनाचा खर्च जवळपास शून्य. पावसाचे बिल येत नाही. पहिल्या महायुद्धात कोळसा आणि जहाजभाडे महागले, तेव्हा या गोष्टीचे मोल गिरण्यांना कळले. पुढे विशीच्या दशकात मुंबईच्या कापडधंद्यावरच मंदीचे सावट आले. माल पडून राहिला की दर वाराचा उत्पादनखर्च काटेकोरपणे मोजावा लागतो आणि त्यात विजेचा हिशेब महत्त्वाचा ठरतो.

या योजनेचा आणखी एक लाभ आहे. वीज निर्माण करून सोडलेले पाणी वाया जात नाही. खोपोलीचे पाणी पाताळगंगेला मिळते आणि पावसाळ्यानंतरही ती नदी वाहती राहते. पुढे तिच्या काठी औद्योगिक वसाहत उभी राहिली, तीही या पाण्याच्या भरवशावर. भिवपुरीचे पाणी राजनाल्यातून कर्जत तालुक्यातील शेतांना मिळते आणि त्यावर उन्हाळी भात पिकतो. एकाच थेंबाचा दोनदा उपयोग करणारी व्यवस्था चणचणीच्या काळात सहसा मोडीत निघत नाही. धंदा बसला तरी शेताला पाणी लागतेच.

घाटातील गणित

रेल्वेची कथाही अशीच आहे. बोरघाटातील चढ ३७ फुटांस एक फूट इतका तीव्र. वाफेच्या प्रत्येक इंजिनाला आपला कोळसा आणि पाणी स्वतः वाहून न्यावे लागे आणि त्या ओझ्यासकट घाट चढावा लागे. विजेच्या इंजिनाची ही कटकट मिटते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने कल्याणजवळ ठाकुर्लीला चोळे येथे स्वतःचे औष्णिक वीजघर उभारले. कोळसा तेथेही जळत होताच. मात्र तो शेकडो छोट्या बॉयलरांऐवजी मोजक्या मोठ्या बॉयलरांत जाळला की त्याच कोळशातून अधिक काम निघते. १९२९ मध्ये मुंबई-पुणे मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले आणि लगोलग मंदी आली.

येथे एक बाब ध्यानात घेतली पाहिजे. हे विद्युतीकरण मंदीत सुचलेले नव्हते. त्याची आखणी बऱ्या दिवसांत झाली होती. मंदीत त्याचा उपयोग झाला, कारण पैसा आधीच घातलेला होता. भांडवल जास्त आणि चालवण्याचा खर्च कमी, असे तंत्रज्ञान मंदीत तारते, पण ते मंदीपूर्वी पेरलेले असावे लागते. आजही घाट चढताना गाडीला मागून जोर देणारी इंजिने कर्जतला जोडली जातात. ती जोडेपर्यंत फलाटावर वडापाव घेणाऱ्या प्रवाशाला या जुन्या गुंतवणुकीची आठवण असतेच असे नाही.

खाचरातील काटकसर

मंदी सुरू झाल्यावर ज्याच्या हाती भांडवलच नाही, त्याने काय करावे? याचे उत्तर कर्जतच्या भातशेतीत सापडते. कोकणातील पारंपरिक भातशेती म्हणजे कष्टांची आणि खर्चाची मालिका. उन्हाळ्यात पालापाचोळा आणि शेण पसरून राब भाजायचा, रोपे तयार करायची, खाचरात चिखलणी करायची, मग वाकून लावणी. बैलजोडी परवडेनाशी झाली तसा पॉवर टिलर आला आणि त्याबरोबर डिझेलचा खर्चही. मजूर मिळेना आणि मिळालाच तर मजुरी परवडेना, अशी स्थिती आली.

नेरळजवळच्या सगुणाबागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी या साखळीतील एकेक कडी गाळून पाहिली. त्यातून सगुणा राइस टेक्निक, म्हणजेच एसआरटी पद्धत विकसित झाली. या पद्धतीत एकदा गादीवाफे केले की पुन्हा नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणीही नाही. लोखंडी साच्याने ठरावीक अंतरावर छिद्रे पाडून त्यांत बी टोकायचे. कापणीनंतर भाताची मुळे जमिनीतच ठेवायची. ती कुजून सेंद्रिय कर्ब वाढतो, गांडुळे येतात आणि मुरलेल्या ओलाव्यावर वाल किंवा हरभऱ्यासारखे दुसरे पीक घेता येते. उत्पादनखर्चात ३० ते ४० टक्के बचत होते, असे या पद्धतीच्या प्रवर्तकांचे म्हणणे आहे. तणनाशकांवर असलेली भिस्त ही तिची दुबळी बाजू. पण तिच्यासाठी लागणारे मुख्य अवजार गावचा लोहार बनवू शकतो, हे तिचे मोठे बळ आहे.

डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री भातशेतीही याच कुळातील. भाताच्या अवशेषांचा पुनर्वापर, गिरिपुष्पाचे हिरवळीचे खत, मोजक्या रोपांची नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या मुळांजवळ खोचणे, ही तिची चार सूत्रे. खत पाण्याबरोबर वाहून न जाता पिकाला मिळते. जागतिक बाजारात २००८ मध्ये खतांचे भाव भडकले होते. अशा वेळी कमी खतात तेवढेच पीक देणाऱ्या युक्तीची किंमत वाढते.

बियाण्यालाही हाच न्याय लागू पडतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्जत येथील संशोधन केंद्राने ‘कर्जत-३’ आणि ‘कर्जत-७’ यांसारखे सुधारित वाण दिले, तसेच ‘सह्याद्री’ हे संकरित भातही दिले. संकरित वाण अधिक पीक देतो, पण त्याचे बी दरवर्षी विकत घ्यावे लागते. सुधारित सरळ वाणाचे बी शेतकरी घरच्या पिकातून राखू शकतो. हाती पैसा असताना पहिला पर्याय आकर्षक वाटतो. पैशाची चणचण असताना दुसरा पर्याय आधार ठरतो.

टाळेबंदीतील फोन

२०२० चा धक्का अगदी वेगळ्या प्रकारचा होता. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी घटले, तर शेतीक्षेत्र मात्र ३.४ टक्क्यांनी वाढले. मार्चच्या अखेरीस मुंबईची उपनगरी गाडी बंद झाली. कर्जत-खोपोलीच्या नोकरदारांच्या दृष्टीने ती गाडी म्हणजे जीवनवाहिनीच. सर्वसामान्यांना तिचे दार मर्यादित वेळेपुरते उघडले ते फेब्रुवारी २०२१ मध्ये.

त्या काळात वाढले ते प्रवास वाचवणारे तंत्रज्ञान. दूरस्थ बैठका, ऑनलाइन वर्ग आणि फोनवरून पैसे देण्याची यूपीआय व्यवस्था. मार्च २०२० मध्ये यूपीआयचे सुमारे १२५ कोटी व्यवहार झाले होते. एप्रिलमध्ये ते शंभर कोटींपर्यंत घसरले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांनी दोनशे कोटींचा टप्पा ओलांडला. यूपीआय काही टाळेबंदीत जन्मलेले नाही. ते २०१६ पासून होते. फोन हातात होता, स्वस्त डेटा होता आणि दुकानदाराला नवे यंत्र घ्यावे लागत नव्हते. एक छापील क्यूआर कोड पुरेसा होता. घाटातील विजेप्रमाणेच येथेही पायाभरणी आधी झाली होती आणि खाचरातील साच्याप्रमाणे वापरणाऱ्याचा खर्च नगण्य होता. दोन्ही गुण एकत्र आले की प्रसार किती वेगाने होतो, याचे हे उदाहरण.

याच्या उलट उदाहरणही खालापूर तालुक्यातच आहे. खोपोलीजवळ २०१३ मध्ये सुरू झालेल्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानातील तंत्रज्ञान अद्ययावत होते. पण त्यामागे मोठे कर्ज होते आणि उत्पन्न लोकांच्या मौजेच्या खर्चावर अवलंबून होते. टाळेबंदीत उद्यान बंद राहिले आणि २०२२ मध्ये ते मालपाणी समूहाच्या हाती गेले. तंत्रज्ञानात दोष नव्हता. कर्जाचे हप्ते थांबत नाहीत, मौज मात्र लांबणीवर टाकता येते, हा त्यामागचा हिशेब.

बचत कोणाची, झळ कोणाला?

या सूत्राला दुसरी बाजूही आहे आणि ती दुर्लक्षून चालणार नाही. वाचलेला प्रत्येक रुपया कोणाच्या तरी खिशातून कमी झालेला असतो. टाटांच्या जलविद्युत योजनेतीलच मुळशी धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळातील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. मुंबईला वीज मिळाली, पण त्यासाठी त्यांची भातखाचरे पाण्याखाली गेली.

आजच्या भातशेतीतही हाच पेच आहे. लावणी टळली तर खातेदाराचा खर्च वाचतो. पण लावणीची मजुरी हा कर्जत-खालापूरच्या ठाकर आणि कातकरी कुटुंबांचा, विशेषतः स्त्रियांचा, पावसाळ्यातील मोठा आधार आहे. पावसाळा संपला की यांतील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. बांधकामाचा धंदा मंदावला की ती वाटही अरुंद होते. अशा वेळी लावणीचे कामही गेले तर मंदीची झळ दुहेरी बसते. दुसरीकडे, हीच पद्धत एखाद्या कातकरी कुटुंबाच्या स्वतःच्या तुकड्यावर पोचली, तर कमी खर्चात भात आणि वर वालाचे पीक त्याच्याच घरात येईल. तंत्रज्ञान तेच, पण ते कोणाच्या हाती पडते यावर त्याचे फळ ठरते. कृषी खात्याच्या प्रात्यक्षिकांसाठी शेत निवडताना याचा विचार होणे म्हणूनच अगत्याचे आहे.

पुढच्या मंदीपूर्वी

ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने उदंचन जलविद्युत प्रकल्पांसाठी राज्य सरकारशी करार केला. भिवपुरी येथे एक हजार आणि शिरवटा येथे १८०० मेगावॉट अशी ही योजना असून अंदाजित खर्च सुमारे १३ हजार कोटी रुपये आहे. दिवसा सौरवीज मुबलक असते. तिच्या बळावर पाणी वरच्या जलाशयात चढवायचे आणि संध्याकाळी मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज घ्यायची, असे या तंत्राचे स्वरूप आहे. शंभर वर्षांपूर्वीचाच डोंगर आणि तोच पाऊस, पण भूमिका साठवणुकीची. भांडवल आज घालायचे आहे, उपयोग पुढे कित्येक वर्षे होणार आहे.

मंदी केव्हा येईल, हे कोणी सांगू शकत नाही. मात्र ती येण्यापूर्वी प्रत्येक नव्या यंत्राला तीन प्रश्न विचारता येतात. हे चालवण्याचा रोजचा खर्च किती? ते घेण्यासाठी कर्ज किती काढावे लागेल? आणि त्यामुळे वाचणारा पैसा नेमका कोणाच्या घरात जाईल? पहिल्या दोन प्रश्नांची समाधानकारक उत्तरे असलेले तंत्रज्ञान वाईट दिवसांतही तरते. तिसऱ्याचे उत्तर मिळाले, तर त्याच्याबरोबर माणसेही तरतात.