मानेतील शिरांचा उपचार आणि मल्टिपल स्क्लेरोसिस : वाद आणि बोध

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) हा मेंदू व मज्जारज्जूचा विकार बहुधा विशी ते चाळिशीच्या वयात जडतो. समूळ बरे करणारे औषध आजही उपलब्ध नाही. त्यामुळे 'एका शस्त्रक्रियेत सुटका' असे कानी पडताच कुटुंब दागिने गहाण ठेवण्यासही तयार होते. अशाच एका उपचाराचा वाद कोल्हापूर परिसरातील आमच्या वाचकांसमोर मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या आजारात शरीराची संरक्षक यंत्रणा मज्जातंतूंवरील मायलिन या आवरणावरच हल्ला करते. परिणामी दृष्टी मंदावते, हातपाय बधिर होतात, तोल जातो.

इटलीतील फेरारा विद्यापीठाचे रक्तवाहिन्यांचे शल्यचिकित्सक पाओलो झांबोनी यांनी २००९ साली निराळेच कारण मांडले. त्यांच्या पत्नीलाही हा आजार होता. मान व छातीतील शिरा अरुंद झाल्याने मेंदूतील रक्त नीट परत येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ६५ रुग्ण व २३५ अन्य व्यक्तींची तपासणी करून हा दोष रुग्णांतच आढळतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. शिरेत फुगा घालून ती रुंद करण्याच्या उपचारास 'लिबरेशन', म्हणजे मुक्ती, असे नाव पडले.

कॅनडात या वार्तेने मोठी खळबळ उडाली. तेथील सरकारी आरोग्यसेवेत हा उपचार मिळत नसल्याने शेकडो रुग्ण पोलंड, कोस्टा रिका, मेक्सिको आणि भारतात गेले. आपल्या शेजारच्या पुण्यातही तो उपलब्ध होता. काहींना लाभ झाल्यासारखे वाटले. काहींच्या शिरांत गुठळ्या झाल्या, काही जण दगावलेही. मे २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने धोक्याचा इशारा दिला.

पुढे मूळ सिद्धान्तच डळमळीत झाला. २०१३ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील अभ्यासात ७४ टक्के रुग्णांच्या शिरा अरुंद आढळल्या. परंतु त्यांच्या निरोगी भावंडांत हे प्रमाण ६६ टक्के, तर नात्यात नसलेल्या निरोगी व्यक्तींत ७० टक्के होते!

अंतिम कसोटी स्वतः झांबोनी यांनीच घेतली. त्यांच्या नेतृत्वाखाली इटलीतील सहा केंद्रांत ११५ रुग्णांवर चाचणी झाली. ७६ जणांच्या शिरा रुंद केल्या, ३९ जणांवर केवळ शिरेत नळी घालण्यापुरती क्रिया केली. कोणावर कोणती क्रिया झाली, हे रुग्णांस ठाऊक नव्हते. वर्षभरानंतर दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. हा उपचार रुग्णांना सुचवू नये, असा निष्कर्ष २०१७ साली त्यांनी प्रसिद्ध केला. त्याच वर्षी कॅनडातील १०४ रुग्णांच्या चाचणीचे फलितही तेच आले.

मग आधी बरे वाटलेले रुग्ण खोटे बोलत होते काय? मुळीच नाही. हा आजार अनेकदा उफाळतो आणि आपोआप ओसरतो. ओसरण्याच्या काळात उपचार झाला, तर श्रेय त्यालाच मिळते. शिवाय दूरचा प्रवास, मोठा खर्च आणि तीव्र आशा यांचाही मनावर परिणाम होतो. म्हणूनच एकदोघांच्या अनुभवावर विसंबता येत नाही. तुलना करून पाहावी लागते.

कोणी असा उपचार सुचविल्यास, तुलनात्मक चाचणीत तो सिद्ध झाला आहे काय, हे आधी विचारावे. संशोधनात सहभागी होण्यासाठी रुग्णाकडूनच मोठी रक्कम मागितली जात असेल, तर सावध व्हावे. मज्जातंतुतज्ज्ञाची चालू औषधे परस्पर बंद करू नयेत. आजाराचे झटके कमी करणारी प्रभावी औषधे आज उपलब्ध आहेत. १९८५ साली स्थापन झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया रुग्णांना मार्गदर्शन करते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्येही या आजाराचा समावेश आहे.

आपल्या धर्मग्रामात असा रुग्ण असेल, तर ऐकीव उपचारांची यादी त्याच्या हाती देण्यापेक्षा तपासणीच्या दिवशी त्याच्यासोबत जाणे अधिक उपकारक ठरेल, असे आम्हांस वाटते.