बॅट कुणाची, खेळ कुणाचा?

मुलांनो, गल्लीतलं क्रिकेट तुम्ही काय पुस्तकात बघून खेळता? नाही ना! 'एक टप्पा आऊट', 'भिंतीपलीकडे गेला तर आऊट आणि चेंडूही त्यानंच आणायचा', 'काकूंच्या कुंडीला लागला की आजचा खेळ बंद' असे नियम तुम्हीच ठरवता. जागा लहान, खेळाडू कमी, म्हणून मोठ्यांचा खेळ तुम्ही आपल्या मापाचा करून घेता. कॉम्प्युटरवरच्या खेळातही असंच करता येतं. त्याला म्हणतात 'मॉडिंग', म्हणजे तयार खेळात आपल्याला हवा तसा बदल करणं.

ही खोड आजची नाही बरं का! १९६२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी 'स्पेसवॉर' नावाचा खेळ तयार केला. कॉम्प्युटर होता पीडीपी-१, चार कपाटं शेजारी शेजारी मांडावीत एवढा! पडद्यावर दोन अवकाशयानं एकमेकांशी लढत. मागचे तारे मात्र कसेही विखुरलेले. पीटर सॅमसनला ते काही पटेना. त्यानं खऱ्या आकाशातले तारे जागच्या जागी बसवले. डॅन एडवर्ड्‌सनं मधल्या सूर्याला गुरुत्वाकर्षण दिलं. आता सूर्याच्या फार जवळ जाल तर ओढले जाल! खेळ एकाचा, पण रंगवला अनेकांनी.

बदल करणं सोपं केव्हा झालं? डिसेंबर १९९३मध्ये 'डूम' आला तेव्हा. हा खेळ गोळीबाराचा, लहान मुलांनी खेळावा असा मुळीच नाही. पण त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात रंगमंच, पडदे आणि दिवे तेच असतात आणि नाटकं मात्र बदलत जातात, हो ना? 'डूम'च्या कर्त्यांनी तसंच केलं. खेळ चालवणारा भाग, म्हणजे इंजिन, वेगळा ठेवला. चित्रं, आवाज आणि नकाशे दुसऱ्या फाइलमध्ये ठेवले. मग काय, लोक आपापले नकाशे बनवू लागले. मूळ खेळाला धक्काही लागत नव्हता. १९९७ साली कंपनीनं इंजिनाचा प्रोग्रॅमही सर्वांना खुला केला. त्यामुळे 'डूम'साठी आजही नवे नकाशे तयार होतात.

पुढची गंमत ऐका. १९९९मध्ये मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोन विद्यार्थ्यांनी 'हाफ-लाइफ' या खेळात बदल करून 'काउंटर-स्ट्राइक' बनवला. तो इतका गाजला, की मूळ खेळाच्या कंपनीनं दोघांना बोलावून घेतलं आणि २०००मध्ये त्यांचा खेळ स्वतःच विकायला काढला!

आता एक वेगळी गोष्ट. गल्लीत ज्याची बॅट असते त्याची पहिली बॅटिंग असते. आणि तो रुसून घरी निघाला तर? खेळ संपला! हल्लीचे बरेच खेळ असेच आहेत. खेळता तुम्ही, पण खेळाचं जग असतं कंपनीच्या कॉम्प्युटरवर, म्हणजे सर्व्हरवर. कंपनीनं तो बंद केला, की सगळं गेलं. 'क्लब पेंग्विन' हा मुलांचा लाडका खेळ २००५ साली सुरू झाला आणि मार्च २०१७मध्ये बंद पडला. मुलांनी हौसेनं सजवलेली पेंग्विनची घरं त्याच्याबरोबर गेली. 'द क्रू' हा मोटारींचा खेळ तर लोकांनी पैसे मोजून घेतला होता. एकट्यानं खेळायचं तरी त्याला कंपनीचा सर्व्हर लागे. ३१ मार्च २०२४ला तो बंद झाला आणि विकत घेतलेला खेळ चालेनासा झाला. 'विकलेला खेळ असा मारू नका' म्हणून युरोपात सह्यांची मोहीम निघाली. २०२५मध्ये तिथे दहा लाखांहून जास्त सह्या जमल्या!

यावर एक उपाय आहे. आपली बॅट आपण बाळगायची, म्हणजेच सर्व्हर आपल्या घरी चालवायचा. 'माइनक्राफ्ट'च्या जावा आवृत्तीचा सर्व्हर-प्रोग्रॅम कंपनीच फुकट देते. घरातल्या एका कॉम्प्युटरवर तो चालू करायचा आणि भावंडांनी घरच्याच वायफायवरून त्यात यायचं. तुम्ही बांधलेला किल्ला तुमच्याच डिस्कवर राहतो. त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवली, की काळजी नको.

माइनक्राफ्ट मात्र विकत घ्यावा लागतो. मला विचाराल तर 'लुआंटी'पासून सुरुवात करा. २०२४पर्यंत त्याचं नाव 'माइनटेस्ट' होतं. तोही ठोकळ्यांचाच, पण फुकट आणि सगळा खुला. तो साध्या कॉम्प्युटरवर चालतो आणि एकदा उतरवून घेतला, की इंटरनेटशिवायही चालतो. त्यातले बदल 'लुआ' या भाषेत लिहितात. ही भाषा १९९३ साली ब्राझीलमध्ये तयार झाली. पोर्तुगीज भाषेत लुआ म्हणजे चंद्र!

तीन पथ्यं मात्र पाळायची. बदल करण्याआधी मूळ फाइलची प्रत ठेवायची. अनोळखी ठिकाणाहून काहीही उतरवून घ्यायचं नाही, कारण त्यातून व्हायरस येतात. आणि घरचा सर्व्हर घरापुरताच ठेवायचा. बाहेरच्यांसाठी मोठ्यांना विचारल्याशिवाय उघडायचा नाही. दुसऱ्यानं केलेला बदल वापरलात तर त्याचं नाव सांगायला विसरू नका, हेही आलंच.

आई-बाबांनाही दोन शब्द. वेळेची मर्यादा हवीच, त्यात तडजोड नको. पण 'किती वेळ खेळलास?' या प्रश्नासोबत 'आज काय बदललंस?' असंही विचारून पाहा. नुसती बटणं दाबणारं मूल गप्प बसेल. बदल करणारं मूल मात्र तुम्हाला ओढत नेऊन दाखवेल. त्यासाठी त्यानं वाचलेलं असतं, मोजलेलं असतं आणि चुकल्यावर पुन्हा करून पाहिलेलं असतं. अभ्यास याहून वेगळा कुठे असतो?

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एक प्रयोग. लुआंटीच्या सेटिंगमध्ये गुरुत्वाकर्षणाचा आकडा असतो ९.८१. ओळखीचा वाटतो का? विज्ञानाच्या पुस्तकात मोठ्या वर्गातल्या ताईदादांना तो भेटतोच. त्या जागी चंद्राचा १.६२ लिहा, खेळ पुन्हा सुरू करा आणि एक उडी मारा. किती ठोकळे वर गेलात ते मोजा. मग मंगळाचा ३.७ घालून बघा. तिन्ही उड्या वहीत लिहा आणि आकडा कमी केला की उडी का वाढते, ते घरातल्या मोठ्यांना तुम्हीच समजावून सांगा!